ढुंडिराज आणि सरस्वती: फाळके दांपत्याच्या संसाराची पहिली दहा वर्षे

ढुंडिराज हे आपल्या गणरायाचेच एक नाव. काशीला विश्वेश्वराच्या दर्शनाला जाणारा यात्रेकरू ढुंडिराजालाही हात जोडतो. आपल्याकडे तर संगीत नाटक असो, कोकणातला दशावतार असो, की घरातल्या मुलाचे पाटीपूजन असो, गणपतीच्या जोडीने सरस्वतीला वंदन केल्याशिवाय कार्याला आरंभ होत नाही. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या ढुंडिराज गोविंद फाळके यांच्या घरात १९०२ साली नवी सून आली. करंदीकरांची ही लेक किर्लोस्कर नाटक मंडळींच्या चालकांच्या नात्यातली होती. सासरी तिचे नाव ठेवले सरस्वती. योगायोग म्हणा किंवा बाप्पाची इच्छा म्हणा, या जोडीच्या हातून पुढे अकरा वर्षांनी भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट तयार झाला.

दादासाहेब फाळके यांचे नाव माहीत नाही असा मराठी माणूस सापडणार नाही. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. 'राजा हरिश्चंद्र' आणि १९१३ हे समीकरण आपल्या मुलांनाही पाठ असते. परंतु लग्नापासून चित्रपटापर्यंतची मधली दहा वर्षे बहुतेक लेखांत दोन-चार वाक्यांत उरकली जातात. फोटोग्राफी केली, पडदे रंगवले, जादूचे प्रयोग केले, नोकरी धरली, सोडली, छापखाना काढला, तोही सोडला. नुसती यादी वाचली तर वाटावे की कशातच धड बस्तान न बसलेला हा गृहस्थ आहे. आपल्या ओळखीत असा जावई असता तर मुलीच्या माहेरी काळजीचे वातावरण असते!

मला मात्र वाटते की भारतीय चित्रपट याच दहा वर्षांत घडला, आणि तो घडला एका घरात. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी याच काळाविषयी लिहायचे ठरवले. त्यातही आपण बडोदेकर. आपल्याला या कथेत थोडा घरचा हक्क आहे.

बडोद्याची शिदोरी

ढुंडिराजांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याचे काम मिळाले म्हणून हे कुटुंब त्र्यंबकेश्वर सोडून मुंबईला आले. मुलाचा ओढा पोथीपेक्षा रंगांकडे. १८८५ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम झाला आणि मग थोरले बंधू शिवरामपंत यांच्या मागोमाग स्वारी बडोद्याला आली.

तेव्हाचे बडोदे म्हणजे श्रीमंत सयाजीराव महाराजांचे बडोदे. महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. हाताला काम देणारे शिक्षण तिथे मिळे. आज म. स. विद्यापीठाची जी तंत्रशास्त्र विद्याशाखा आहे, तिचे मूळ हेच. प्राचार्य होते त्रिभुवनदास गज्जर. गुणी मुलगा ओळखण्याची नजर त्यांना होती. त्यांनी फाळक्यांना रतलामला पाठवून तिरंगी ब्लॉक आणि फोटोलिथोची विद्या शिकायला लावली आणि परत आल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ व प्रयोगशाळा वापरू दिली. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुरचना, छायाचित्रण, छपाई असा पंचपक्वान्नांचा थाळा एका विद्यार्थ्याच्या पानात वाढला गेला. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि सुवर्णपदक मिळवले.

पुढे गोध्र्याला जाऊन त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय मांडला. तिथे प्लेगने घात केला. पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेली. रिकाम्या घराला कुलूप लावून ते बडोद्याला परतले. पुन्हा स्टुडिओ काढला, पण गिऱ्हाईक फिरकेना. फोटो काढला की माणसाचे आयुष्य कमी होते, अशी समजूत तेव्हा लोकांत होती. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणे सुरू झाले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोगही करू लागले. फाळके उलटे वाचा, केळफा होते!

सरस्वतीबाईंनी माप ओलांडले ते अशा घरात.

नव्या संसारातले उद्योग

नवरा बत्तीस वर्षांचा, दुःख भोगलेला आणि पोटापाण्याला कायमचा आधार नसलेला. नवी नवरी वयाने बरीच लहान. या घरातला रोजचा दिवस कसा असेल, याचा अंदाज त्या काळच्या फोटोग्राफीच्या पद्धतीवरून करता येतो. तेव्हा निगेटिव्ह काचेची असे. काच जपून धुवायची, औषधाच्या पाण्यात बुडवायची, पुन्हा धुवायची, सावलीत वाळवायची. कागदावरची प्रत काढायची तर चौकट उन्हात ठेवून राखण करायची, ढग आला की वेळ वाढवायचा. चांदीच्या क्षाराचे डाग बोटांवर पडले की आठवडाभर निघत नाहीत. ज्या घरात हा धंदा, त्या घरात पाणी भरणाऱ्या बाईला त्याची माहिती होणारच. पाणी किती लागते, कोणत्या परातीला हात लावायचा नाही, कोणत्या खोलीचे दार वेळीअवेळी उघडायचे नाही, हे तिला आधी कळते.

आपल्या आज्या-पणज्यांना नवऱ्याच्या धंद्यातले जे कळत असे ते असेच, बोलावून कोणी न शिकवता. किराणा दुकानदाराच्या बायकोला भाव माहीत, वैद्याच्या बायकोला काढे माहीत. फाळक्यांच्या घरात फरक एवढाच की नवऱ्याचा धंदा दर दोन वर्षांनी बदलत होता, त्यामुळे बायकोचे शिक्षणही थांबत नव्हते.

वरवर पाहता वेगवेगळे वाटणारे हे उद्योग एकमेकांपासून लांबचे नव्हते. पडदे रंगवताना कळते की सपाट कापडावर राजवाडा खरा कसा भासवायचा. जादूच्या खेळात कळते की प्रेक्षकाची नजर कुठे वळवायची. फोटोग्राफीत उजेड कळतो आणि छपाईत रसायने व अचूकता कळते. पुढे चित्रपटाला नेमके हेच सगळे लागले. तोपर्यंत हा माल एका पोत्यात गोळा होत होता आणि पोते सांभाळायला घरात भरवशाचे माणूस होते.

सरकारी नोकरी सोडली तेव्हा

१९०३ मध्ये फाळक्यांना सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी मिळाली. जुन्या वास्तूंचे फोटो आणि नकाशे हे काम त्यांच्या हाताला साजेसे होते. महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला. संसाराला पहिल्यांदा थोडी स्थिरता आली असेल.

मी स्वतः डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. म्हणून पुढचा प्रसंग वाचताना मी दर वेळी थबकतो. १९०६ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. वंगभंगानंतर देशभर स्वदेशीचे वारे वाहत होते आणि परक्या सरकारची चाकरी करण्यापेक्षा आपला उद्योग उभारावा असे अनेक तरुणांना वाटत होते, त्यांतलेच हे एक. पण सरकारी नोकरी सोडण्याचा निर्णय घेणारा एकटा असला तरी तो सोसणारे घर असते. पहिल्या तारखेला पगार येणार नाही हे डब्यातल्या तांदळाला आधी कळते. आमच्या कचेरीत कोणी असा विचार बोलून दाखवला, तर आम्ही त्याला पहिला प्रश्न विचारू, घरी काय म्हणतात? सरस्वतीबाई काय म्हणाल्या याची नोंद मला कुठे वाचायला मिळालेली नाही. त्या बरोबर गेल्या, एवढे मात्र नक्की.

लोणावळ्याला छपाई आणि ब्लॉकचा कारखाना निघाला. राजा रविवर्मांच्या नावाचा छापखाना तिथून जवळच मळवलीला होता. ज्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आपल्या आजोळच्या भिंतींवर असत, त्या तसबिरींच्या छपाईसाठी लागणारे फोटोलिथोचे काम फाळके करून देत. पुढे कारखाना दादरला गेला, नवे भागीदार आले, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' असे नाव झाले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके जर्मनीला जाऊन आले. 'सुवर्णमाला' हे सचित्र मासिक त्यांनी छापले. नाव झाले, पैसाही दिसू लागला.

तिरंगी छपाईत एकाच चित्राचे तीन ब्लॉक करतात आणि ते एकावर एक अगदी बिनचूक बसवावे लागतात. केसभर सरकले तर देवीच्या ओठांचा लाल रंग गालावर जातो. हा काटेकोरपणा त्यांच्या अंगी पुरता मुरला होता. माणसांशी मात्र तेवढे जुळले नाही. भागीदारांशी मतभेद झाले आणि उभा केलेला धंदा सोडून फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय चाळिशीचे, पदरी मुलेबाळे.

घरातल्या वस्तू विकल्या गेल्या

अशा बेकारीच्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलताना पाहून त्यांना आपले राम-कृष्ण दिसू लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. तो चित्रपट पाहायला ते लगेच पुन्हा गेले आणि या वेळी सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन गेले. वेड लागायचे तर दोघांना मिळून लागावे, एवढी समज त्यांना होती.

मग एक लहानसा कॅमेरा आणि फिल्मची रिळे घरात आली. दिवसा चार-पाच तास चित्रपट पाहायचे आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. झोप नाही, विश्रांती नाही. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. वैद्यकीय उपचार आणि निरनिराळे चष्मे लावून दृष्टी परत आली. ज्या घरातला कर्ता पुरुष बेकार आहे, वर त्याला दिसतही नाही, त्या घरातल्या बाईने ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना करवत नाही. नातेवाइकांना तर हा माणूस हातचा गेला असेच वाटत होते.

पैशासाठी घरातल्या चीजवस्तू विकल्या गेल्या. बारा हजारांची विम्याची पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके एकटेच बोटीने लंडनला निघाले. विम्याची पॉलिसी म्हणजे घरच्यांचा शेवटचा आधार. ती गहाण पडली म्हणजे सरस्वतीबाईंच्या वाट्याची भाकरीच गहाण पडली. लंडनमध्ये 'बायोस्कोप' या नियतकालिकाच्या संपादकांनी त्यांना मदत केली, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहायला मिळाले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन दोन महिन्यांत ते परतले.

आता भांडवलदार हवा होता, आणि भांडवलदाराला पुरावा हवा होता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर पक्का बसवला आणि महिन्याहून अधिक दिवस रोज थोडे थोडे चित्र घेत राहिले. महिनाभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर दिसली. दाण्यातून कोंब वर येतो, पाने फुटतात, वेल डोलू लागतो. ते पाहून कर्ज द्यायला माणूस तयार झाला. घरातली एक कुंडी, एक दाणा आणि महिन्याभराचा धीर! भारतीय चित्रपटाचे बी-बियाणे म्हणतात ते अक्षरशः हेच. सरस्वतीबाईंचे दागिनेही याच कामी गेले.

पावणेपाच लाख छिद्रे

येथून पुढे घर आणि कारखाना वेगळे उरले नाहीत. तेव्हा कोरी फिल्म कडेला छिद्रे न पाडलेली येत असे. कॅमेऱ्याच्या दात्यांत फिल्म अडकून सरकायची तर दोन्ही कडांना समान अंतरावर छिद्रे लागतात. ती पाडायचे यंत्र हाताने चालवायचे आणि तेही अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले.

आम्हा डिप्लोमावाल्यांना आकडेमोडीची खोड असते, म्हणून हिशेब करून पाहिला. एक फूट फिल्ममध्ये सोळा चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रे. म्हणजे एका फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. गुणाकार केला तर ४,७३,६०० छिद्रे, आणि ही फक्त एका प्रतीची. निगेटिव्हची वेगळी. एका जागी जरी अंतर चुकले तरी पडद्यावर चित्र उडी मारणार. दिवसभर घर सांभाळून रात्री हे काम करणाऱ्या बाईला तंत्रज्ञ म्हणायचे नाही तर कोणाला म्हणायचे?

एवढ्यावर भागले नाही. फिल्म धुण्याची रसायने त्यांनी मिसळायला शिकल्या. चित्रीकरण सूर्यप्रकाशात होई, तेव्हा नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून त्या उन्हात तासन् तास उभ्या राहत. फिल्मचे तुकडे जुळवण्यात त्यांचा हात असे. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत आणि मंडळींचे कपडेही धूत. स्त्रीची भूमिका करायला त्या काळी कोणी बाई तयार होईना, तेव्हा फाळक्यांनी तारामतीसाठी घरातच विचारून पाहिले असे सांगतात. त्यांनी नकार दिला. त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या असत्या तर मागचे सगळे काम कोणी केले असते? शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास मात्र घरातूनच मिळाला. थोरला मुलगा भालचंद्र!

सुमारे सात महिने काम चालले. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसाठी लागला. पुढचा इतिहास आपण जाणतोच.

नंतरचे दिवस

यशानंतर फाळके नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर', 'लंकादहन' असे चित्रपट गाजले. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली आणि प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. भागीदारांशी मात्र याही वेळी पटले नाही. सगळे सोडून ते काही काळ कुटुंबासह काशीला जाऊन राहिले, ढुंडिराज गणपतीच्या गावी. परत आले, पुन्हा चित्रपट काढले. बोलपटाचा जमाना आला तसे त्यांचे नाव मागे पडत गेले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. लाखो रुपयांचा उद्योग ज्यांनी देशाला दिला, त्यांच्या गाठीला शेवटी फारसे काही नव्हते. पहिल्या संसारात मोडलेले दागिने परत घडवले गेले की नाही, देव जाणे.

२००९ साली आलेल्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या मराठी चित्रपटाने सरस्वतीबाईंची ओळख नव्या पिढीला करून दिली, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही पहिला चित्रपट म्हटले की आपल्या तोंडी एकच नाव येते. दादासाहेबांचे कर्तृत्व यत्किंचितही कमी न करता मला एवढेच म्हणायचे आहे की त्यांची हिंमत एकट्याची नव्हती. त्यांना दर वेळी नव्याने सुरुवात करता आली, कारण घर मोडले नाही. आणि घर मोडले नाही, कारण त्यांनी घरातल्या माणसाला कामातून बाहेर ठेवले नाही. लंडनहून आणलेली विद्या त्यांनी आधी बायकोला शिकवली. शंभर वर्षांपूर्वी हे सोपे नव्हते.

आपल्या मंडळात गेल्या काही वर्षांत बरीच नवी लग्न झालेली जोडपी येऊ लागली आहेत. कोणी नोकरी सांभाळून केक करते, कोणी शनिवार-रविवारी फोटो काढते, कोणी घरच्या घरी शाडूच्या मूर्ती घडवून विकते. मोठ्यांना त्यात कधी कधी पोरखेळ दिसतो. एक धरावे, दुसरे सोडावे, असा सल्लाही दिला जातो. अशा वेळी प्रोफेसर केळफा आठवावेत. कोणता छंद कधी कामाला येईल हे आज सांगता येत नाही. मात्र तो छंद दोघांचा आहे का, आणि त्याचा भार कोणावर पडतो आहे, हे एकमेकांना विचारत राहावे.

आणि एक विनंती कार्यकारिणीला. या स्मरणिकेच्या शेवटी कार्यकर्त्यांची यादी छापली जाते. मखर, मांडव, रोषणाई, सगळ्यांची नावे असतात. दहा दिवस महाप्रसादाच्या कढईपुढे उभ्या राहणाऱ्या आणि नाटकाचे कपडे रात्री जागून शिवणाऱ्या आपल्या भगिनींची नावेही या वर्षीपासून त्याच यादीत, त्याच टाइपात यावीत. ढुंडिराजाच्या उत्सवात सरस्वतीचे नाव राहून जाऊ नये.

गणपती बाप्पा मोरया!